वायसर

जिंतूर आगारात, भंगारात काढलेल्या गाडीखाली
कुत्री व्याली. पाच.
दोन गेली, दोन कुणी नेली,
उरलं हे एक,
पोट ओल्या शेंगेतल्या दाण्यासारखं गुलाबी.
माझ्या वायसरच्या डब्यात येऊन झोपलं,
म्हणून वायसर.

दीड महिन्याचं झालं अन् पोटावर ठिपका आला. काळा.
ग्रीस असेल म्हणून ओल्या चिंधीनं पुसला.
चिंधी कोरी. ठिपका तिथंच.
पुढल्या आठवड्यात सात.
नाकाची गुलाबी कडही
शाईत बोट बुडवावं तशी काळवंडत चालली.

ठिपके मोजायची मला जुनी सवय.
सातवीत असताना डाव्या अंगठ्याशी एक आला होता,
पांढरा, ज्वारीच्या दाण्याएवढा.
घरात मासे बंद झाले, मग दही,
मग वर्गात माझ्या डब्यातलं खाणारे बंद झाले.
आज दोन्ही मनगटं, एक पापणी, ओठाचा कोपरा.
कँटीनवाला कप अजून फळीवरच ठेवतो,
मी हात पुढं केलेला असतानाही.

"ह्याचं उलटं होऊलालंय," मी गफूरला म्हणालो,
"मी पांढरा पडायलो, हे काळं पडायलंय.
माझा गेलेला रंग ह्यालाच सापडला की काय?"
गफूर पाना शोधत होता. हसला नाही.

मग कानामागचे केस गेले.
रुपयाएवढी चकती, लाल, कडेला खपली.
रात्रपाळीत सारखं खाजवायचं,
मागचा पाय पत्र्यावर आपटायचा,
टण टण टण,
जसं कुणी गाडीखालून बोलवतंय.

आगारात खरजेला एकच औषध : जळकं ऑइल.
कुणालाही विचारा. डबा तर हाताशीच.
मी बोळा बुडवला,
आणि बोळ्यातून थेंब गळत राहिला.
बावचीचं तेल लावून मला उन्हात बसवलं होतं,
आठवीच्या सुट्टीत, मामाच्या माळवदावर.
चांगलंच व्हावं म्हणून.
फोड आले ते पोळ्यापर्यंत बसले नाहीत.

सकाळी पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.
रांगेत दोन म्हशी, एक लंगडी शेळी, आणि मी.
डॉक्टर नालंदा वाव्हळे. त्यांनी पिल्लू उताणं केलं,
ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.
"हे रंग भरणं आहे. वाढत्या पिल्लाचं होतं असं.
सपाट आहे, खाजत नाही, दाबलं तरी ओरडत नाही. असू द्या.
कानामागचं मात्र वेगळं."
ब्लेडनं खपली खरवडून काचेवर घेतली,
मलाही वाकून बघायला लावलं.
आठ पायांचं काहीतरी, पाण्यासारखं, वळवळणारं.
"केस गेले, ओल आली, वास मारला, गाठ वाढली,
तर बघत बसायचं नाही.
आणि हिरड्या बघत जा.
पांढऱ्या नाहीतर पिवळ्या दिसल्या
तर ड्युटी संपायचीही वाट बघू नका.
ऑइल लावलं का?"
"नाही."
"बरं केलंत. चाटतात, पोटात जातं."

मग माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या,
"तुम्हाला खाजतं का?"
"नाही. हे कोड आहे. जुनं."
"बरं. ही खरूज माणसालाही लागते, म्हणून विचारलं."
आणि कापूस आणायला वळल्या.
एवढंच.
तीस वर्षांत कुणी माझ्या हाताबद्दल
इतकं कामापुरतं विचारलं नव्हतं.

आता वायसर चार महिन्यांचं.
नाक सगळं काळं, कानामागं लव आलीय,
पोट म्हणजे पावसाळ्यानंतरचा आगाराचा पत्रा.
तरी रोज रात्री बॅटरी घेऊन बसतो.
ओठ वर करून हिरड्या बघतो : गुलाबी.
ठिपके काल बावीस. आज दोनदा चुकलो,
हलतंय सारखं.

येलदरीची मुक्कामी गाडी आलीय,
ड्रायव्हर ओरडतोय, ब्रेक लागंना.
माझ्याआधी तेच पळालं.